ताईची भूक

तारे नवे होते तेव्हा ताई आणि तिचा धाकटा भाऊ या दोन आकाशगंगा शेजारी राहायच्या. दोघांच्या पोटात एकेक कृष्णविवर होतं. वायूचा घास मिळाला की त्याच्याभोवती लखलखाट व्हायचा.

पुढे ताई आकाशगंगांच्या मोठ्या घोळक्यात गेली. तिथल्या तापल्या वाऱ्यानं तिचा वायू ओरबाडला. थोडा आत ढकलला गेला, तेव्हा तिचं पोट भडकलं. घोळक्यातली एक म्हातारी आकाशगंगा म्हणाली, "खादाड आहे ही."

मग ताई विझली. म्हातारी म्हणाली, "भूक मेली तिची."

भाऊ आपला वायू घेऊन धावत आला. "भूक नाही मेली, आजी. तुमच्या वाऱ्यानं तिचं ताट ओढलं."

वाऱ्यानं त्यालाही ओरबाडलं. त्याचंही पोट भडकलं.

या वेळी म्हातारी खादाड म्हणाली नाही. ती दोघा भावंडांपुढे, वाऱ्याच्या आड येऊन उभी राहिली.