कढीपत्त्यावरील अळ्यांबाबत

विषय: अंगणात फुलपाखरे वाढवणे.
संदर्भ: पत्नीची तोंडी विनंती.

फार लांब नसलेल्या एका गावात एक निवृत्त कारकून राहत होता. कंबर मोडल्यापासून त्याची बायको खिडकीशेजारी अंथरुणाला खिळली होती. तिने जन्मभरात फारसे काही मागितले नव्हते, आणि जे मागितले त्यावर तो "बघू" असा शेरा मारत आला होता.

एकदा ती म्हणाली, "अहो, इथून फुलपाखरं दिसली तर बरं वाटेल. माहेरी कढीपत्त्यावर वाढायची."

या वेळी कारकुनाने तत्परता दाखवली. खिडकीखाली कढीपत्ता लावला आणि रोज सकाळी खुर्ची टाकून बसू लागला, जणू फुलपाखरे दहाच्या ठोक्याला कामावर रुजू होणार होती.

एक काळे फुलपाखरू आले, पानांवर घुटमळले आणि गेले. काही दिवसांनी झाडावर अळ्या दिसू लागल्या. आधी पाखराच्या शिटेसारख्या, मग हिरव्यागार. बायको उशीला टेकून त्यांचे खाणे बघत बसे. कितीतरी दिवसांनी तिला जेवण गोड लागू लागले.

"निम्मं झाड संपवलं त्यांनी," कारकून कुरकुरला. "फोडणीला पान उरायचं नाही."

"बिनफोडणीचं वरण खाऊ. त्यांना हात लावू नका."

"रविवारी व्याही येणार. म्हणतील, यांनी किडे पाळलेत."

"म्हणू देत."

कारकुनाला वाटले, आजारी माणूस, काहीही बोलते. ज्याने साहेबांपुढे कधी चुरगळलेला कागद ठेवला नाही, तो व्याह्यांपुढे कुरतडलेले झाड कसे ठेवणार? शनिवारी दुपारी तिचा डोळा लागला, तेव्हा त्याने तंबाखूचे पाणी फवारले आणि खाली पडलेल्या अळ्या झाडून टाकल्या. व्याही आले, चहा प्यायले, गेले. कढीपत्त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही.

ते गेल्यावर बायकोने विचारले, "अळ्या कुठं आहेत?"

"साफसफाई केली."

तिने खिडकीतून झाडाकडे पाहिले. मग म्हणाली, "चार दिवसांत कोष केले असते त्यांनी. तीच फुलपाखरं होती."

"मग सांगायचं नाही का?"

"हात लावू नका म्हटलं होतं. का म्हणून विचारलं असतंत, तर तेही सांगितलं असतं."

त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून झोपते.

कारकुनाने नवे रोप लावले आहे आणि शेजारी काठीला स्वच्छ अक्षरात अर्ज टांगला आहे: "सदर झाडाची सर्व पाने अळ्यांसाठी राखीव आहेत. अंडी घालण्यास या घराची हरकत नाही. कृपया लवकर यावे." घरात आता वरण बिनफोडणीचेच शिजते. झाडाला नवी पालवी फुटली आहे. एकही पान कुरतडलेले नाही.

तात्पर्य: ज्याला पंख हवेत, त्याने खाल्लेली पाने आधी मंजूर करावीत.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.