बोर्डामागची दोन अंडी

पाल ओरडून ओरडून थकली, पण तिचं कुणी खरं धरलं नाही. उलट दुसऱ्यांचंच खरं धरलं. त्या राज्यात रीतच तशी होती. कुणी बोलत असताना पाल चुकचुकली, की बोलणाऱ्याचं म्हणणं खरं ठरायचं. टिचकी वाजवायची, ‘सत्य आहे’ म्हणायचं, झालं.

राज्य एका भिंतीचं. भिंतीवर विजेचा एकच बोर्ड, आणि त्याला फ्रिज, इस्त्री, मिक्सर, गिझर सगळे लोंबकळलेले. बोर्डामागे पालीची दोन अंडी होती. पालीची अंडी एकदा भिंतीला चिकटली की हलत नाहीत. काढायला जावं तर फुटतात. आणि तिथलीच वायर तापत होती. पालीच्या पोटाला चटके बसायचे, जळका वास यायचा.

ती इस्त्रीकडे गेली. “इस्त्रीबाई, जरा दम घ्या. मागं वायर जळतेय.”

“मीच दिसले का गं तुला?” इस्त्री फणकारली. “तो फ्रिज रात्रंदिवस वीज ओढतोय, त्याला सांग की!”

फ्रिज म्हणाला, “मी थांबलो आणि दूध नासलं, तर तू आणून देणार? इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय व्हायचंय?”

पाल कळवळली, आणि कळवळली की तिच्या तोंडून एकच आवाज निघे. “चुक चुक चुक!”

“घ्या!” मिक्सर खिदळला. “पालसुद्धा हो म्हणते!”

सगळ्यांनी टिचक्या वाजवल्या.

वास फारच वाढला तेव्हा बोर्डाशेजारच्या कॅलेंडरनं सभा भरवली. विषय, आगीपासून घर कसं जपावं. उद्घाटनाला समई पेटवली. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. ‘घर जपा’ असा लालभडक कागद आणला आणि सगळ्यांची नजर पडावी म्हणून बोर्डाच्या फटीवरच खळ लावून चोपून बसवला. वारा जायचा तो बंद झाला. पालीची आत जायची वाटही तीच. तिनं तोंडानं कागदाचा कोपरा फाडला.

“बघा, चांगल्या कामात हिचा खोडा!” कॅलेंडर फडफडलं.

भर दुपारी सगळे एकदम सुरू झाले. वायरीनं पेट घेतला, मग त्या कागदानं, मग कॅलेंडरनं. पालीला पळायला सगळी भिंत मोकळी होती. ती फाटक्या कोपऱ्यातून आत शिरली.

आग विझल्यावर उरलेसुरले चौकशीला जमले. बोर्ड उघडला. आत पाल कोळसा होऊन पडलेली, चारी पाय पसरून, पोटाखाली अंड्यांची दोन जळकी टरफलं. वायरीकडे कुणी बघितलंच नाही.

“सापडलं एकदाचं,” फ्रिजनं सुस्कारा टाकला. “आपण उगाच एकमेकांवर संशय घेत होतो.”

“मग आग कुणी लावली म्हणायचं?” इस्त्रीनं विचारलं.

सगळे एका सुरात म्हणाले, “पालीनं.”