दगावलेला आधी

“पण महाराज, फक्त चौघांसमोर कशासाठी?”

नरहर वैद्य नाराज होता. कावीळ उतरवणारा त्याचा नवा काढा राजधानीच्या सभेत गाजला होता. मांडव भरून वैद्य जमले होते. शाल मिळाली होती. आणि त्याचे गुरू उत्तमगिरी महाराज म्हणत होते, बहिणीला काढा देण्याआधी ओट्यावरच्या चौघांना सगळं सांग.

बहीण, भागीरथी, मठातच पडून होती. डोळे हळदीसारखे पिवळे. नरहरचा तिच्यावर फार जीव होता, आणि काढ्यावर त्याहून थोडा जास्त.

“तिथं एवढ्यांनी मान्य केलं,” तो म्हणाला.

“कुणी काही विचारलं?”

“नाही... टाळ्या वाजवल्या.”

महाराजांनी ओट्याकडे बोट दाखवलं.

ते चौघे जन्मभर काविळीचेच रोगी पाहत आलेले वैद्य. त्यांच्या ओट्याची एक रीत होती: बरा झालेला रोगी मागून सांगायचा, दगावलेला आधी.

नरहरने बरे झालेल्यांपासूनच सुरुवात केली. चौघे ऐकत राहिले. कुणी मानसुद्धा हलवली नाही...

शेवटी नाइलाजाने त्याने सांगितलं. एक कोष्टी दगावला होता. त्याचं वयच झालं होतं, हेही सांगून टाकलं.

एकाने विचारलं, तो खात काय होता? काहीच नाही, अन्न जातच नव्हतं. दुसऱ्याने विचारलं, आणि बरे झालेले? ते पेज घेत होते. तिसऱ्याने विचारलं, काढा दिल्यावर कोष्ट्याला काय झालं? दरदरून घाम सुटला, मग शुद्ध हरपली.

चौथे त्र्यंबकशास्त्री. ते हळूच म्हणाले, “भागीरथीनं शेवटचं कधी खाल्लंय, बाळा?”

कालपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं...

त्याने काढ्याचं भांडं खाली ठेवलं. तो फार घाबरला होता. चूल पेटवून त्याने आधी पेज शिजवली. अंगात थोडं बळ येऊ दे, मग काढा, तोही निम्मा, असं चौघांनी ठरवलं.

भागीरथीने चार चमचे पेज घेतली, तेव्हा कुठे तो बाहेर आला. आता त्याला सभेचा राग आला होता.

“महाराज, मांडवात एवढे जाणते वैद्य होते. एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही?”

“हे चौघेही तिथंच होते,” महाराज म्हणाले. “टाळ्या वाजवत होते.”