मालकाला घाई नाही

एके काळी एक वृद्ध वैद्य नदीकाठच्या एका कसब्यात राहत असे. त्याच्याकडे एक तरुण स्त्री औषधविद्या शिकायला येई. कडेवर दोन वर्षांचं मूल आणि डोळ्यांत अपुरी झोप, त्यामुळे निम्मी विद्या तिच्या डोक्यावरून जाई, आणि उरलेली आपल्याला नीट कळली की नाही, याची तिला खात्री नसे. वैद्यबुवा मुळ्या आणि सुंठ नदीतल्या एका चपट्या गोट्यावर रगडत. साधनांचा त्याग हे थोरांचं व्रत असणार, असं मनाशी ठरवून तीही घरी गोट्यावरच रगडू लागली. तळहातांना घट्टे पडले, तरी तिने तक्रार केली नाही. थोडा अभिमानच वाटे, म्हणा ना.

एके दिवशी पहाटे तिचे वडील वारले.

नवरा दूरदेशी मजुरीला गेलेला, पाठीवर भाऊ नाही. घरात सरणापुरतं लाकूड नव्हतं आणि विकत आणायला काही शिल्लक नव्हतं. वैद्यबुवांना प्रेताजवळ बसवून ती वखारीच्या व्यापाऱ्याकडे गेली. व्यापाऱ्याने मान हलवून हळहळ व्यक्त केली.

"उधारी मी करत नाही, ताई," तो म्हणाला. "पण तुमच्याकडे पितळेचं मोठं घंगाळ आहे, ते मी पाहिलंय. ते आणा, लाकूड घेऊन जा. दिवस मावळायच्या आत काय ते ठरवा."

ती घरी आली आणि घंगाळ उचलू लागली. तेव्हा बुवा एवढंच म्हणाले, "हे तुझं आहे का?"

ती खालीच बसली. सकाळपासून ज्या गोष्टीकडे ती पाठ फिरवत होती, ती हीच होती. आबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, एक खोड होती. ते लोकांच्या वस्तू मागून आणत आणि परत करत नसत. नियत वाईट नव्हती. उद्या नेऊन देऊ म्हणत आणि त्यांचा उद्या उजाडत नसे. घंगाळ विणकराच्या म्हाताऱ्या आईचं होतं. शिडी गवंड्याची, पहार गवळ्याची, आणि दोर खुद्द त्या व्यापाऱ्याचा.

"बुवा, या माणसाच्या नावाने मी कुणाच्या दारात मदत मागायला जाऊ? लोक आधी आपली वस्तू मागतील."

"मग आधी वस्तूच नेऊन दे."

"आत्ता?"

"आत्ता. देऊन झालं की घरात काय घडलंय ते सांग. मागू नकोस आणि लपवूही नकोस."

"अहो, दिवस किती उरलाय? आणि सुतकातल्या घरची वस्तू घेणार कोण?"

"अंगणात ठेव. ज्याला वाटेल तो पाणी शिंपडून घेईल. बाळाला मी बघतो."

"त्याने सकाळपासून काही खाल्लं नाहीये. आणि माती तोंडात घालतो तो, लक्ष द्यावं लागतं, शिवाय…"

"बघतो म्हटलं ना."

कोपऱ्यात एक पितळी खलबत्ताही होता. ती म्हणाली, "हा कुणाचा, ते मला ठाऊक नाही. माझ्या बाळंतपणापासून घरात आहे."

बुवांनी तिकडे क्षणभर पाहिलं. "तो राहू दे. त्याच्या मालकाला घाई नाही."

मग ती निघाली. शिडी खांद्यावर, शिडीला दोराचं वेटोळं, काखेत घंगाळ, हातात पहार. अनोळखी माणसाला वाटलं असतं, ही बाई घर मोडून निघाली. गुरूंच्या आज्ञेत काय गूढ आहे, याचा विचार करण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं. सांगितलं ते करायचं, एवढ्यात तिला थोडा विसावा होता.

गवंड्याने शिडी उतरवून घेतली आणि एका पायरीवरून हात फिरवला. "ही मोडकी पायरी बांधली कुणी?"

"आबांनीच असेल. ते पहाटे गेले."

गवंड्याने ती गाठ ओढून पाहिली. मग म्हणाला, "तिरडीला बांबू आहेत का घरात? नसतील. तू हो पुढे, मी घेऊन येतो."

गवळ्याने बातमी ऐकली, पहार कोपऱ्यात टेकवली आणि काही न विचारता गोवऱ्यांची पाटी भरायला घेतली.

विणकराच्या आईला कमी ऐकू येई. अंगणात घंगाळ दिसताच तिने तोंड सोडलं. "तीन पावसाळे झाले! तीन पावसाळे मी तांब्या-तांब्याने अंघोळ करतेय. आता बरी आठवण झाली. जा, सांग तुझ्या बापाला, म्हणावं…"

तिचं लक्ष मुलीच्या चेहऱ्याकडे गेलं. सांगायचं ते तिने तसंच गिळलं. आत गेली आणि पांढऱ्या कापडाची एक घडी घेऊन आली.

"माझ्यासाठी विणून घेतलं होतं," ती म्हणाली. "ने. मला काही आज जायचं नाहीये."

शेवटी ती वखारीवर पोचली. व्यापारी घंगाळाची वाट पाहत होता. त्याच्यापुढे दोर आला. त्याने तो हातावर उलगडला, टोकापर्यंत नेला, पुन्हा गुंडाळला.

"दोर मी केव्हाच दुसरा घेतला," तो पुटपुटला. "म्हातारा मागायला आला होता तेव्हा इथे बसून माझ्या मुलाच्या आजाराची विचारपूस करत होता. दोराचं मीच विसरलो होतो." आणि त्याने गाडी जुंपायला सांगितली. व्यापारी तो, गाडी निम्मीच भरली. पण लाकूड सुकं निवडून दिलं.

गोवऱ्यांनी उरलेली भर झाली. उन्हं कलायच्या आत सरण रचून झालं. खांद्यावर मडकं तिने स्वतःच घेतलं.

नदीवरून परतताना तिने विचारलं, "बुवा, मी घेणारी होते. तुम्ही मला द्यायला का पाठवलंत?"

बुवांच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तू नुसती मागायला गेली असतीस, तर तू आपली लाज सांभाळली असतीस आणि समोरच्याने आपली ऐपत. त्या गडबडीत तुझा बाप कुणालाच आठवला नसता. वस्तू हातात आली की तिच्यामागून माणूस येतो. आज चार दारांत तो पुन्हा येऊन गेला, आणि लोकांनी जे दिलं ते त्याला पाहून दिलं. वस्तू परत न करणं ही त्याची चूकच होती, मुली. ती तू फेडलीस. पण तो गेला तो एकटा गेला नाही."

तेरावा झाला. खलबत्ता घेऊन ती घरोघर विचारत फिरली. कुणीच आपला म्हणेना. थकून ती बुवांच्या ओसरीवर आली. बुवांनी खल हातात घेतला आणि त्याच्या काठावरच्या पोच्यावर अंगठा ठेवला.

"हा पोचा माझ्या हातचा," ते म्हणाले. "तू बाळंत झालीस तेव्हा तुझा बाप आला होता. म्हणाला, लेकीसाठी सुंठ कुटतो आणि उद्या आणतो."

ती बघतच राहिली. "मग तो गोटा? मला वाटायचं, ते तुमचं व्रत आहे."

"व्रत कसलं! हात दुखायचे माझे."

दोन वर्षांचे घट्टे पडलेल्या आपल्या तळव्यांकडे पाहून तिला त्या दिवसांत पहिल्यांदाच हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "तुम्ही मागितला का नाही?"

"मागत होतो. दर महिन्याला. दर महिन्याला तो इथे यायचा, उद्या आणतो म्हणायचा, आणि तासभर बसायचा. तुझं सांगायचा, बाळाचं सांगायचा." बुवा थांबले. "खल परत आला असता, तर तो कशाला आला असता?"

ओसरीवर बाळ सुंठेचा एक तुकडा चाखून तोंड वाकडं करत होतं. बुवांनी खल तिच्या पुढ्यात सरकवला.

"घेऊन जा. घरी कुटायला लागेल."

तिने तो उचलला. वाटला होता त्यापेक्षा जड होता. पायरीवर ती थांबली, आणि आबांच्याच आवाजात म्हणाली, "उद्या आणते, बुवा."