हौसाक्काची गरीब वीज

फार वर्षांपूर्वी म्हणावं, तर गोष्ट तितकी जुनी नाही. आज ज्यांची लेकरं कॉलेजात जातात, ते तेव्हा आईचा पदर धरून चालत होते. पण उंबरटेकात ही गोष्ट निघाली की म्हातारी माणसंसुद्धा 'फार वर्षांपूर्वी' असंच म्हणतात आणि आवाज खाली आणतात.

उंबरटेक घाटाच्या तोंडाशी आहे. आषाढ लागला की तिथं आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. घरं पत्र्याची. वीज गावात आली तेव्हा बायकांनी खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. काही वर्षं सगळं गोड चाललं. मग पावसानं वायरींचं कातडं सोललं आणि वीज पत्र्यात उतरली.

खालच्या आळीत हौसाक्का राहायची. तिचा नवरा बाळकू एका सकाळी अंगणात धोतर वाळत घालायला गेला. वाळवणाची लोखंडी तार वळचणीच्या पत्र्याला बांधलेली होती. त्याचा हात तारेवर पडला तो सुटलाच नाही. हौसाक्का दारात उभी होती. काय झालंय ते तिला त्याच क्षणी कळलं. आतून सासू तानुबाई "काय झालं रं बाळ्या?" म्हणत धावली. हात लावू नका, एवढंच हौसाक्काला म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. सासूनं लेकाला मिठी मारली.

एकाच अंगणातून दोन तिरड्या निघाल्या.

बारावं झाल्यावर हौसाक्कानं घराची वीज तोडायला लावली. तरी भीती काही तुटली नाही. तिला म्हणे भिंतीच्या पत्र्यातून घूं असा आवाज यायचा, माशी अडकल्यासारखा. ती तारेखालून जायची नाही, शेताला वळसा घालून पाण्याला जायची. हळूहळू ती भीती सगळ्या आळीला लागली. पावसात लोक काठीनं दार ढकलू लागले. आया पोरांना सांगायच्या, वीज खांबावर बसलीय, ओल्या हाताची वाट बघतीय.

हौसाक्काच्या घरात मग रॉकेलची चिमणी आली. एका संध्याकाळी तिची लहान लेक वाकून जेवत होती आणि चिमणीनं तिची वेणी पकडली. हौसाक्कानं गोधडीनं आग विझवली, पण पोरीचा कान भाजला. त्यानंतर चिमणीही पेटेना. वीज नको, आग नको, आणि अंधारात लेकरू झोपेना. ती भिंतीला न टेकता खोलीच्या मधोमध पोरीला कवटाळून बसून राहायची.

बाजारच्या गावी मौलालीचाचा बसायचे, बॅटऱ्या आणि रेडिओ दुरुस्त करायचे. एक हातबॅटरी घ्यावी म्हणून हौसाक्का त्यांच्याकडे गेली. चाचांपुढे मोटरसायकलची जुनी बॅटरी होती. तिच्या दोन उघड्या तारा चिमटीत धरून ते हरभऱ्याएवढ्या पांढऱ्या दिव्याला जोडत होते. हौसाक्का मागं सरली, ती पलीकडच्या भाजीच्या पाटीवरच आदळली.

"हात काढा चाचा," ती पुटपुटली.

चाचांनी तिच्याकडं पाहिलं. तिची हकीकत त्यांच्या कानावर आलेली होती. ते म्हणाले, "आक्का, ही गरीब वीज हाय. बारा व्होल्टाची. ही माणसाला धरत न्हाय. बघा हात लावून."

"मला न्हाय जमायचं."

"मग ऱ्हाऊ द्या. पण दिवा लागतोय, तेवढं बघा."

ती बघत राहिली. बाजार उठायला लागला तरी ती तिथंच. शेवटी तिनं डोळे मिटले, ओठांत बाळकूचं नाव घेतलं आणि दोन्ही तारांना बोटं लावली. काही झालं नाही. ती रडायला लागली, आणि बोटं तशीच तारांवर ठेवून रडत राहिली.

चाचांनी तिला शिकवलं. दिव्याला तारेचे दोन पाय, त्यातला लांब पाय बॅटरीच्या अधिक बाजूला. तीन दिवे माळेसारखे एकापाठोपाठ. मधे वीज आवरणारा एक रेझिस्टर घालायचा, नाहीतर दिवे जळतात. आणि बॅटरीची दोन टोकं एकमेकांना लावायची नाहीत, गरीब झाली तरी तिला तेवढं सोसत नाही. हौसाक्कानं करवंटीला भोकं पाडून त्यात दिवे बसवले. बॅटरी भरायला छपरावर सोलरची पाटी टाकली. घरात चांदण्यासारखा उजेड पडला. तरी आळीतलं कुणी तो दिवा न्यायला तयार होईना. जिचं माणूस विजेनं खाल्लं, तिच्या हातची वीज घरात कशाला, असं म्हणायचे.

मग तो आषाढ आला. दिवेलागणीला वारा सुटला, आभाळ इतकं भरून आलं की समोरचं घर दिसेना. वरच्या अंगाला काहीतरी कडाडलं आणि गावातले दिवे गेले. हौसाक्कानं बॅटरी झोळीत घातली, करवंटी हातात धरली आणि दार उघडलं. तार तुटली असणार, हे तिला आवाजावरून कळलं होतं.

आळीच्या मधोमध पाणी साचलं होतं. शेजारचा रंगराव रानातून म्हैस घेऊन परतत होता. म्हैस पुढं होती. ती पाण्यात शिरली आणि हंबरायच्या आतच आडवी झाली. "अगं गंगे, उठ की," म्हणत रंगराव तिच्याकडं निघाला. हौसाक्कानं करवंटी उंच धरली. त्या उजेडात पाण्यातली तुटलेली तार तिला दिसली. दिवे गेले होते, पण तारेत जीव होता.

तिनं तोंड उघडलं. पुन्हा तेच, घशाला कुलूप. रंगरावचा पाय उचललेला होता. हौसाक्कानं आपल्याच छातीवर मूठ मारली, आणि आवाज फुटला तो असा, की वरच्या आळीतल्या घरांच्या कड्या वाजल्या, असं म्हणतात.

"रंगा, पाय मागं घे. पाण्यात करंट हाय."

रंगराव मागच्या मागं चिखलात बसला.

आता एकेक दार उघडायला लागलं होतं. म्हैस पडल्याचा आवाज ऐकून माणसं बाहेर येणार, पाण्यात उतरणार. हौसाक्का कोरड्या ओट्यावर चढली आणि एकेका घराला नावानं हाक मारू लागली. शेवंते, आत हायस का? पत्र्याला हात लावू नको, पोराला खाटेवर घे. हाय गं आक्का, असं उत्तर आलं की पुढचं घर. सगळी आळी झाली की पुन्हा पहिल्यापासून. असं म्हणतात, की ती तार पाण्यातून फणा काढून उठली, करवंटीतल्या उजेडाकडं तिनं बघितलं आणि पुन्हा खाली पडली. रंगराव मरेपर्यंत शपथेवर सांगायचा, की आपण ते डोळ्यांनी पाहिलं.

पहाटे लाइनमन आला, त्यानं वीज तोडली. हौसाक्काच्या हातातून करवंटी सोडवायला दोन बायका लागल्या, इतकी तिची बोटं आखडली होती. त्या आळीत म्हशीखेरीज कुणी गेलं नाही.

तो पावसाळा सरायच्या आत घराघरात करवंटीचा दिवा लागला. वीज कुणी तोडली नाही, पंखा आणि टीव्ही सगळ्यांनाच हवा होता. पण झड लागली की मेन बंद, आणि गरीब वीज चालू. हौसाक्कानं किती दिवे केले याचा हिशेब कुणाकडं नाही. तिच्या दिव्याखाली झोपलेलं लेकरू दचकून उठत नाही, असं म्हणतात. ती स्वतः मात्र शेवटपर्यंत तारेखालून गेली नाही. तिला न्यायची वेळ आली तेव्हा खांदेकऱ्यांनीही शेताला वळसा घातला.

आजही उंबरटेकात पावसाळी संध्याकाळी लाइट गेली, की कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. खालच्या आळीतली सगळ्यांत वडील बाई करवंटीचा दिवा घेऊन ओट्यावर चढते आणि घराघराला हाक मारते. प्रत्येक घरातून 'हाय' येतं, तेव्हाच पुढचं नाव. सगळी नावं झाली, की ती शेवटची हाक मारते, "हौसाक्का." मग सगळी आळी गप्प होते, पोरंसुद्धा. नुसता पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो. म्हातारी तेवढा वेळ दिवा उंच धरून थांबते आणि मग ओट्यावरून खाली उतरते.