दुसरा जामीनदार

"मग आता मी कुणाचं काय देणं लागतो, तेवढं तरी सांगा ना स्वामीजी?"

शिवशंकर हलगे याचा आवाज चढला होता. मठाच्या ओसरीवर बसून तो हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता. तोंडाला बांधलेला पंचा मात्र त्याने सोडला नव्हता, नुसते डोळे तेवढे दिसत होते. ऊन फार आहे म्हणाला. ओसरीवर ऊन नव्हतं.

गुरुलिंग स्वामी तुरीची डाळ निवडत होते. मठात दासोह असतो, म्हणजे येईल त्याला जेवण. त्यामुळे स्वामींचे हात बहुतेक वेळा कशात ना कशात गुंतलेले असायचे. त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मी ऐकतोय," ते म्हणाले.

मठ उदगीरच्या बाजूला, गावाबाहेरच्या माळावर. शिवशंकर याच गावचा मंडपवाला. पतसंस्थेचं कर्ज काढून त्याने मोठा मंडप घेतला होता. लोखंडी सांगाडे, झुंबरं, नवरानवरीच्या सिंहासनासारख्या खुर्च्या. दोन लग्नसराया बसल्या आणि मंडपाबरोबर तोही बसला. हप्ते थकले, तशी एका पहाटे बायकामुलं घेऊन त्याने पुण्याची गाडी धरली. फोनचा नंबरही बदलून टाकला.

पुण्यात एका मंगल कार्यालयात तो गुरासारखा राबला, हे खरं. पोटाला चिमटा काढून त्याने पतसंस्थेचा पैसा न् पैसा फेडला, हेही खरं. ते नाकारून चालायचं नाही.

"मॅनेजरनं आज स्वतः खुर्ची दिली मला," तो सांगत होता. "चहा पाजला. म्हणाला, हलगे, तुमचं खातं आता निल. उद्या कर्ज मागा, देतो. कुणाला जामीन राहायचं असलं तर खुशाल राहा. तुमची पत आता चोख."

"चांगलं झालं."

"मग गावाला काय झालंय? स्टँडपासून इथवर आलो, एकानं नमस्कार केला नाही."

"तोंड उघडं ठेवून आलास का?"

शिवशंकरने पंचा सारखा केला.

मग विषय बदलावा म्हणून त्याने अंगणातल्या भाड्याच्या टेम्पोकडे बोट दाखवलं. दासोहाच्या पंगतीसाठी त्याने कोऱ्या सतरंज्या आणल्या होत्या. स्वामी उठले, वरच्या सतरंजीचा कोपरा त्यांनी उलटा करून पाहिला. तिथे तांबड्या रंगात त्याच्या जुन्या धंद्याचं नाव ठळक छापलं होतं, हलगे मंडप डेकोरेटर्स. दुसरीवरही तेच. मंडपवाल्यांची ती सवयच असते. खुर्ची असो की पातेलं, नावाशिवाय वस्तू बाहेर पडत नाही.

"हे कशाला रे?"

"नाव नसलं तर माल परत येत नाही स्वामीजी."

"मग हा परत न्यायचाय का?"

शिवशंकर हसला, पण ते हसू पंच्याच्या आतच राहिलं.

स्वामी पुन्हा सुपाशी येऊन बसले. खडे निवडू लागले.

"एक काम आहे," मग म्हणाले. "एका माणसाला जामीनदार पाहिजे."

"कशासाठी?"

"पोरीचा नर्सिंगला नंबर लागलाय. फी भरायला पतसंस्था कर्ज देते. एक जामीनदार आहे, त्याचा मेहुणा. दुसरा मिळंना. शनिवारपर्यंत नाही मिळाला तर पोरीची जागा जाते."

"माणूस कसा आहे?"

"कसा म्हणजे?"

"म्हणजे... घरदार? जमीन?"

"घर आहे. जमीन नाही."

"घरात सोनंनाणं?"

"होतं. मोडलं."

"कशापायी मोडलं?"

"अडचण आली होती."

"बघा!" शिवशंकर सरसावून बसला. "सोनं मोडून खाणारा माणूस. धंदा तरी धड आहे का?"

"आहे. रोजच्यापुरतं मिळतं."

"मग हा फेडणार कशातून? पोरगी शिकणार कधी, नोकरीला लागणार कधी? मधेच लग्न लावून दिलं तर? हप्ता थकला की पहिली नोटीस कुणाला जाते, ठाऊक आहे ना?"

"कुणाला?"

"जामीनदाराला!"

हे सगळं तो मोठ्या जाणकारीने विचारत होता. मॅनेजरच्या खुर्चीवर नुसतं बसून आला होता, पण ती खुर्ची अंगात भिनली होती.

"नको स्वामीजी," तो शेवटी म्हणाला. "राग मानू नका. आत्ता कुठं मी वर आलोय. पत मिळवायला काय काय सोसलंय ते माझं मला माहीत. दुसऱ्याच्या कर्जापायी पुन्हा नाव खराब झालं, तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही मला."

"बरोबर आहे," स्वामी म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शिवशंकरला बरं वाटलं. बरं वाटल्यावर माणूस जरा सैल होतो, तसा तो झाला आणि नको ते विचारून बसला.

"एवढं मोठं गाव. त्या माणसाला दुसरा जामीनदार मिळू नये म्हणजे काय?"

"या गावात आता कुणी कुणाला जामीन राहत नाही."

"का बरं?"

"एकदा एक जण राहिला होता."

...

डाळ सुपात पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

शिवशंकरच्या कर्जाला जामीन राहिले होते ते मन्मथआप्पा. पिठाची गिरणी चालवणारा माणूस. शिवशंकर पळाल्यावर पतसंस्थेची माणसं गिरणीत जाऊन बसू लागली. दळण घेऊन आलेल्या बायांसमोर हप्ता मागू लागली. पतसंस्थेच्या दारात फळा लागला, वर कर्जदाराचं नाव आणि खाली जामीनदाराचं. कर्जदार पुण्यात होता. फळ्यासमोरून रोज जायला जामीनदार एकटाच गावात होता.

आप्पांनी बायकोच्या पाटल्या मोडून काही हप्ते भरले, हे शिवशंकरला पुढे कुणाकडून तरी कळलं होतं. तेही पैसे त्याने ठेवून घेतले नाहीत. हात सैल झाल्यावर मोबाइलवरून आप्पांच्या खात्यात पाठवून दिले, वर व्याजसुद्धा लावलं. सोबत लिहिलं, 'सगळे दिले. हिशेब मिटला.' आप्पांचं उत्तर आलं होतं, 'मिळाले. तब्येतीला जप.'

त्याने फोन केला नव्हता. करायचा म्हणून खूपदा हातात घेतला, आणि दरवेळी खाली ठेवला होता.

"स्वामीजी..." आता त्याचा आवाज खाली आला. "जामीन राहिला होता म्हणजे... मन्मथआप्पा?"

"हं."

"आणि आता ज्याला जामीनदार पाहिजे, तो..."

"तोच."

शिवशंकरने मान खाली घातली. ओसरीची फरशी आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. सोनं मोडून खाणारा माणूस. हे तो बोलला होता. आत्ताच, याच तोंडाने, एवढ्या मोठ्याने बोलला होता. पतसंस्थेच्या नोटिसा आल्या तेव्हा लाज वाटली होती, पण ती पैशाची होती, फेडल्यावर गेली. ही कुठे जाणार?

"मी सही करतो," तो घाईघाईने म्हणाला. "आत्ता करतो. कागद इथंच मागवून घ्या. सही करून मी संध्याकाळच्या गाडीनं निघून जातो."

"त्याला भेटणार नाहीस?"

"कशाला उगीच... त्यांनाही त्रास, मलाही त्रास. काम झाल्याशी मतलब."

स्वामींनी सूप उचललं, मांडीवर घेतलं आणि आतल्या सैपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

"मन्मथ! ए मन्मथ! डाळ झाली बघ, घेऊन जा."

शिवशंकरचा हात पंच्याकडे गेला. सोडायला नव्हे, घट्ट करायला.

मन्मथआप्पा बाहेर आले. कोपरापर्यंत हात पिठाने माखलेले, भुवयांवरही पीठ. दर सोमवारी दासोहाचं पीठ ते दळून आणत आणि भाकऱ्या थापायला बसत. त्यांनी सूप घेतलं आणि जाता जाता कोपऱ्यातल्या तोंड झाकलेल्या माणसाकडे पाहिलं.

"शिवा?" ते म्हणाले. "कधी आलास रे? ऊन लागलं का?"

शिवशंकर उठून उभा राहिला. पाठ करून ठेवलेली वाक्यं होती, पुण्यात कितीदा तरी घोकलेली. एकही सापडेना.

"आप्पा, मी जामीन राहतो," त्याच्या तोंडून निघालं. "पोरीच्या कर्जाला."

आप्पांनी स्वामींकडे पाहिलं. स्वामी भिंतीकडे बघत होते.

"कुणी सांगितलं तुला?"

"राहतो मी. नाही म्हणू नका."

हातातल्या सुपातली डाळ आप्पांनी उगीच एकदा हलवली.

"घरी विचारलंस का?"

"अं?"

"बायकोला विचारलंस का तुझ्या?"

"नाही. त्यात काय विचारायचं..."

"तसं करू नको बाबा." आप्पा जवळ आले आणि आवाज बारीक करून बोलू लागले. "मी विचारलं नव्हतं तेव्हा. तुझ्या वहिनीला पतसंस्थेची माणसं दारात आल्यावर कळलं. लई दिवस माझ्याशी बोलली नाही बघ ती. पाटल्यांचं काही नाही रे, त्या काय, येतात जातात. पण आपल्याला न विचारता केलं, हे तिच्या जिवाला लागलं. तुझ्या घरात तसं व्हायला नको. आधी विचार, मग सांग. आणि ती नको म्हणली तर नको. माझा राग नाही."

"आप्पा, तुम्ही फेडणारच ना. त्यात..."

"फेडीन की. पण माणसाच्या हातात काय असतं? तूसुद्धा फेडणारच होतास की."

हे ते इतक्या सरळपणे म्हणाले की त्यात राग शोधूनही सापडला नसता. शिवशंकरने शोधला. सापडला असता तर त्याला बरं वाटलं असतं. चारचौघांत आप्पांनी कानाखाली वाजवली असती, तर तो गाल चोळत सुखाने पुण्याला गेला असता.

"भाकरी करपायली," म्हणत आप्पा आत गेले. दारातून वळून म्हणाले, "जेवल्याशिवाय जायचं नाही बरं का."

शिवशंकर अंगणात आला. टेम्पोच्या आडोशाला उभं राहून त्याने बायकोला फोन लावला. काय झालं ते अडखळत सांगितलं. पलीकडे पुष्कळ वेळ काहीच ऐकू येईना. फोन तुटला असं वाटून तो हॅलो हॅलो करू लागला.

"आहे मी," ती म्हणाली. "सही करा. हे काय विचारायचं असतं?"

"आप्पा म्हणाले, विचारूनच..."

"ते म्हणणारच." मग तिने विचारलं. "तुम्ही पाया पडलात का त्यांच्या?"

शिवशंकरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पडलात का?"

"...नाही."

"अहो, काय म्हणावं तुम्हाला!" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

तो तिथेच उभा राहिला. मग त्याने पंचा सोडला. चेहरा घामाने डबडबला होता, आणि सगळाच काही घाम नव्हता. आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. आप्पा कुणाशी तरी हसून बोलत होते.

तो ओसरीच्या पायरीवर येऊन बसला. स्वामी हात झटकत उठण्याच्या बेतात होते.

"स्वामीजी, सही मी उद्या सकाळी करतो. पतसंस्था उघडली की पहिली."

"कर."

"पोरीचं काम होईल."

"होईल."

"पण..." त्याचा आवाज फुटला. "त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही हो. का पळालास, एवढंसुद्धा नाही. उलट माझ्याच घराची काळजी. पैसे होते ते मी फेडले. हे कसं फेडायचं? आता कोणत्या तोंडानं त्यांच्यासमोर जाऊ?"

आत घंटा वाजली. दासोहाची वेळ झाली होती. आजूबाजूची माणसं हातपाय धुऊन आत जाऊ लागली. शिवशंकर पायरीवर तसाच बसून राहिला, तोंड उघडं, दोन्ही हात मांडीवर. जाणाऱ्यांनी त्याला ओळखलं. त्यानेही त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगा ना स्वामीजी..."

स्वामींनी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

"पंगतीला बस," ते म्हणाले. "आज वाढायला मन्मथ आहे. लगेच पुरे म्हणू नको."