गल्ल्याच्या तोंडातली बडीशेप

सांगा सांगा म्हणून डोकं खाल्लंत, आता गप बसून ऐका.

फार मागं एका खानावळीत गिऱ्हाईक खुशीची चिल्लर बडीशेपेच्या बशीत ठेवायचं. झारा, तवा, फडकं ती वाटून घेत. एकदा बशी रिकामीच निघाली. सगळ्यांनी पैशाच्या गल्ल्याकडं पाहिलं.

"मी नाही घेतली!" गल्ला गुरगुरला.

टेबलं पुसून पिळवटलेलं फडकं हटलं नाही. "गल्लेशेठ, बिल तुमचं, खुशी आमची. तोंड उघडा."

गल्ला घट्ट मिटला. फडकं समोरच ठाण मांडून बसलं. शेवटी गिऱ्हाइकाला सुटे द्यायला गल्ल्याला उघडावंच लागलं. आतल्या नाण्यांना बडीशेप चिकटलेली!

"शेठ, बिलाच्या पैशांना बडीशेप कधीपासून लागते?" फडक्यानं विचारलं. तवा खदखदून हसला.

चिल्लर मुकाट बशीत परत आली.

फडक्याला हक्काचं मिळालं. माझी खुशी गल्ल्यात घातल्याबद्दल आमच्या खानावळीच्या मालकानं, भुजंगशेठनं, मात्र माझी माफी अजून मागायची आहे.